शंभर टक्के जाईल

चहा मी सांगतो, पण एका अटीवर. ऐकून झाल्यावर कुणीही माझ्या सासऱ्यांपुढं हा विषय काढायचा नाही. ते काही बोलणार नाहीत, तोच तर त्रास आहे. चार शब्द बोलले असते तर मी आज तुमच्यापुढं असा कबुलीजबाब देत बसलो नसतो.

घोटाळे माझ्या हातून लय झालेत. एकदा प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा समजून भाचीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी परीक्षेच्या वर्गात गेलो होतो. चाळीस पोरांना आमंत्रण मिळालं, अन् त्यातले अकरा जण जेवायला आले पण. असल्या गोष्टींवर मी स्वतःच हसतो. ही गोष्ट तशी नाही. हिच्यावर हसायला लागलो की मी मधेच थांबतो.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. नाव दामोदर. राहायला पेडगावला. सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर, वीजघरात झाली. तिथं त्यांचे एक जोडीदार होते, गणपतराव. दोघं तीस वर्षं एकाच पाळीत. मामांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला गणपत येतो. भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणतात, “गणपत असाच खारट खायचा.”

निवृत्त झाल्यावर मामा पेडगावला आले आणि गणपतराव तिथंच, येलदरीत घर बांधून राहिले. वर्षातून एकदा भेट व्हायची. मग मामांचे गुडघे गेले, गणपतरावांची बायको गेली, भेट राहून जायला लागली.

दिवाळी झाली आणि निरोप आला की गणपतरावांना त्यांचा मुलगा कायमचा हैदराबादला घेऊन चाललाय. रविवारी दुपारी तीनची रेल्वे, परभणीहून. मामा शुक्रवारीच पिशवी घेऊन आमच्याकडं परभणीला आले.

“प्रकाशराव,” ते मला म्हणाले, “रविवारी सकाळी मला जिंतूरच्या यष्टीत बसवून द्या, तिथून येलदरीची गाडी मिळती. गणपत बाराला घर सोडणार हाय. त्याच्या आधी भेटून येतो.”

माझी बायको सुनंदा म्हणाली, “बाबा, ते परभणीलाच येणार आहेत तर स्टेशनावर भेटा की.”

“स्टेशनावर काय भेट असती का? सामान सांभाळायचं का बोलायचं? मला त्याच्यासंगं एकदा धरणावर बसायचंय. आता पुन्हा होईल न होईल.”

आता इथं शहाण्या माणसानं काय करावं? यष्टीत बसवून द्यावं. फार तर सोबत जावं. पण चार महिन्यांपूर्वी मी गाडी घेतली होती. जुनीच, अकरा वर्षांची, पण धुतली की तोंड दिसायचं तिच्यात. मी म्हणलो, “मामा, जावयाच्या दारात गाडी उभी असताना तुमी यष्टीनं जाणार? लोक काय म्हणतील?”

लोक काहीही म्हणणार नव्हते. लोकांना माहीतही नव्हतं.

त्याच संध्याकाळी गाडीखाली हिरवं पाणी दिसलं. रुपयाएवढा डाग. गाडी गल्लीच्या टोकाला रफिकभाईंच्या गॅरेजवर नेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि एक काळी रबरी नळी बोटानं दाबून बघितली, बाजारात वांगं बघतात तशी.

“सर, इंजन थंड ठेवायचं जे हिरवं पाणी असते ना, कूलंट, ते ह्या नळीतून फिरते. टोकाला चीर पडली हिच्या. बदलावं लागते. नांदेडहून मागवतो, रविवारी दुपारी येते.”

“मला रविवारी सकाळीच येलदरीला जायचंय.”

“तर मग यष्टीनं जावा.”

बघा. दोन माणसं, दोन्ही शहाणी, दोघांच्या तोंडी एकच शब्द. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. बावीस वर्षं पोरांना उष्णता, दाब, वाफ शिकवलेली. एका रबराच्या नळीपुढं हार मानायची म्हणजे काय?

शनिवारी दुपारी मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस म्हणत होता की चीर टोकालाच असेल तर तेवढं टोक कापून टाका आणि नळी पुन्हा बसवा. चार मिनिटांचा व्हिडिओ. तो बघून मी अंगणात उतरलो.

सुनंदा दारातून म्हणाली, “रफिकभाईला करू द्या की. तुमाला मिक्सरचं झाकण बसवता येत न्हाई.”

मी लक्ष दिलं नाही. असल्या बोलण्याकडं लक्ष दिलं असतं तर माणसानं विमान उडवलं असतं का?

नळीला धरून ठेवणारी स्प्रिंगची क्लिप पकडीनं दाबली तर ती टण् करून उडाली आणि इंजिनात कुठंतरी गेली. अजून तिथंच आहे. मग चिरलेलं टोक कापलं. मोजून दोन बोटं. व्हिडिओत अर्ध्या बोटाएवढंच कापलं होतं, पण मी म्हणलो, आजार मुळापासून काढावा.

आता नळी दोन बोटं आखूड झाली. ती जिथं पोचायला पाहिजे तिथं पोचेना. मग तिला ओढून, ताणून, श्वास रोखून बसवली. दिवाळीनंतर आपण पँटचं बटण लावतो ना, तशी. वरून ठिबक सिंचनाच्या दुकानातून आणलेली क्लिप आवळली. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. त्यावर टाकीची गळती बुजवायचा करडा लगदा थापला. ते सगळं बघून मला वाटलं, आता इंजिन गळून पडेल पण ही नळी निघायची नाही.

मामा अंगणात खुर्ची टाकून बघत होते. मी गाडी पाच मिनिटं चालू करून दाखवली, एक थेंब सांडला नाही. तेव्हा ते हळूच म्हणाले, “प्रकाशराव, चांगली गरम झाल्यावर बघितलं का?”

“मामा,” मी म्हणलो, “उष्णता हा माझा विषय आहे.”

आणि मी त्यांना समजावून सांगितलं. पाणी तापल्यावर काय होतं, वाफेला जागा का लागते, कुकरची शिट्टी का होते. पाऊण तास. ते मान हलवत ऐकत होते. मधून “अस्सं?” पण म्हणत होते.

संध्याकाळी मी रफिकभाईंना फोन लावला. खरं तर फुशारकी मारायलाच.

“रफिकभाई, नळी मीच बसवली. दोन बोटं कापली, ठिबकची क्लिप लावली.”



“ठिबकची? सर, येलदरीला ह्याच्यावर निघालात?”

“हो. जाईल ना?”

“जाईल की सर. शंभर टक्के जाईल.”

झालं. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मिळालं. रफिकभाई पुढं काहीतरी बोलत होते, पण त्यांच्याकडं कसलीतरी मशीन चालू होती, ऐकू येत नव्हतं. मी “थँक्यू” म्हणून फोन ठेवला.

रविवारी सकाळी नऊला निघालो. सुनंदानं दोघा मित्रांसाठी डबा दिला होता. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मामांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, पांढरी टोपी घातली होती. डबा मांडीवर धरून पुढं बसले, नवरदेवासारखे. त्या गडबडीत त्यांचा फोन घरी चार्जिंगलाच राहिला.

परभणी ते जिंतूरच्या जवळजवळ निम्म्या वाटेवरचं झरी गाव मागं पडलं आणि मामा म्हणाले, “प्रकाशराव, गोड वास यायलाय.”

“कुठंतरी गुऱ्हाळ असेल, मामा.”

जरा वेळानं म्हणाले, “तो काटा वर चाललाय.”

“जुनी गाडी आहे. काटा असाच खेळतो.”

जावयाला तिसऱ्यांदा सांगणं त्यांच्या रीतीत बसत नाही. तिसऱ्यांदा बॉनेटनंच सांगितलं. समोरून पांढरी वाफ उठली आणि रस्ता दिसेनासा झाला.

गाडी कडंला घेतली. बॉनेट उघडलं तर करडा लगदा इंजिनभर उडालेला, ट्यूबची पट्टी लोंबायलेली आणि नळी आपल्या जागेवरून निम्मी निसटलेली. मी रुमाल घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घातला.

“टोपण उघडू नका,” मामा म्हणाले. “अर्धा तास थंड होऊ द्या.”

“मामा, अर्धा तास आहे का आपल्याकडं?”

आणि उघडलं. पुढचं काय सांगू? आदल्या दिवशी मी ज्यांना पाऊण तास कुकर समजावून सांगितला, त्यांच्यादेखत माझ्याच तोंडासमोर कुकरची शिट्टी झाली. डोळे वाचले ते नशीब. शर्ट हिरवा झाला, उजवा हात मनगटापर्यंत भाजला. मामांनी धावत येऊन, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं, प्यायच्या पाण्याची बाटली माझ्या हातावर ओतली.

ते पाणी ओतत होते तेवढ्यात मागून यष्टी आली. पाटी जिंतूरची. मामांनी बाटली खाली ठेवली आणि हात केला. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

ही ती जागा. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला बाकी काही आठवत नाही, ही जागा आठवते.

मी म्हणलो, “मामा, जाऊ द्या ती. दहा मिनिटांत निघतो आपण.”

मामांनी यष्टीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी हिरवा होऊन, हात फुंकत उभा. आमच्याकडं जावयाचा शब्द मोडत नाहीत. त्यांनी हात खाली घेतला. यष्टी पुढं निघून गेली. पुढची तासाभरानं होती, आणि तिनं जाऊन बाराच्या आत येलदरी गाठणं होणार नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. विज्ञानाबरोबर गणित पण शिकवतो मी.

मामा रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी पुन्हा नळीला भिडलो. पावणेअकराला माझा फोन वाजला. गणपतराव होते. मामांचा फोन सुनंदानं उचलला होता आणि तिनं त्यांना माझा नंबर दिला होता.

“पाव्हणं, कुठवर आलात?” त्यांचा आवाज असा की आनंदानं फोन हलत होता.

खरं सांगायला काय झालं होतं? गाडी बंद पडली, झरीच्या पुढं आहोत, एवढंच तर सांगायचं. पण तोंडातून काय निघावं?

“जिंतूर सोडलंय.”

“मग आलातच की. मी रस्त्यावर येऊन बसतो, म्हणजे घर हुडकायला नको.”

मी म्हणलो, एकदा नळी बसली की जोरात जाऊ, खोटं खरं करून टाकू. माणूस खोटं बोलताना स्वतःला असंच पटवून देतो.

नळी बसवली. क्लिप आवळली. बाटलीत उरलं होतं तेवढं पाणी रेडिएटरमधे टाकलं. गाडी सुरू झाली, आणि एक किलोमीटर गेल्यावर धाडकन आवाज झाला. या वेळी नळी नुसती निसटली नाही, फाटून दोन्हीकडून सुटली आणि खाली पडली. मी उतरून ती हातात घेतली. मेलेल्या सापासारखी लोंबत होती.

बाराला गणपतरावांचा फोन आला. मी फोनकडं बघत उभा राहिलो. तो वाजून वाजून बंद झाला. मी उचलला नाही. एकदा जिंतूर सोडलेला माणूस पुन्हा झरीजवळ कसा येईल? काय सांगायचं?

साडेबाराला मामा माझ्याजवळ आले. म्हणाले, “आता गणपत निघाला असंल. ह्याच रस्त्यानं येणार की तो. त्याला फोन लावा, म्हणावं इथंच थांब. पाच मिन्टं तर पाच मिन्टं, बोलू.”

इतका साधा उपाय. मला सुचला नव्हता, कारण मला तो सुचायलाच नको होता. मी गाडीमागं जाऊन फोन लावला. येलदरी ते जिंतूरचा रस्ता डोंगरातला, फोन काही लागेना. आणि मी तुमाला खरं सांगतो, मला जरा बरं वाटलं. माणूस किती हलका होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

“लागत नाही, मामा.”

“मग मी रस्त्यावर उभा राहतो. येणारी गाडी बघत.”

दिवाळीनंतरचं असलं तरी ऊन करपवणारं होतं. मी म्हणलो, “तुमी उन्हात उभं राहू नका. तो समोर शेतातला आखाडा दिसतोय, गोठ्यापाशी झाड आहे, तिथं सावलीत बसा. रस्त्याकडं मी लक्ष ठेवतो.”

“नक्की ठेवा बरं.”

“एक गाडी सुटणार नाही माझ्या नजरेतून.”

मामा कापसाच्या रानातून हळूहळू आखाड्याकडं गेले. मी राहिलो. गणपतरावांचा मुलगा हैदराबादला मोठ्या नोकरीत, म्हणजे मोठी कार असणार, असं मी मनात धरलं होतं. दोन-तीन कार गेल्या. मी वाकून आत बघितलं, कुणी म्हातारं माणूस नव्हतं.

सव्वा वाजला. ऊन सहन होईना म्हणून मी गाडी पुसायचा टॉवेल डोक्याला गुंडाळला. तोंडाला घाम येत होता, तो मी त्याच लगद्याच्या हातानं पुसत होतो. तेवढ्यात समोरून एक जीप आली. वर सामान बांधलेलं, गादी, पेटी, पत्र्याचे डबे. मी म्हणलो, कुणीतरी बिऱ्हाड हलवायलंय, ह्यांच्याकडं पाणी नक्की असेल. मी रस्त्याच्या मधोमध गेलो आणि हात हलवून थांबवायला लागलो. नळी हातातच होती.

जीप हळू झाली. पुढच्या सीटवर एक पांढऱ्या मिशांचे म्हातारबुवा होते. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मग चालवणाऱ्याच्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणाले आणि जीप माझ्या बाजूनं वळसा घालून सुसाट गेली.

मी पाठमोऱ्या जीपकडं बघून मोठ्यानं म्हणलो, “माणुसकी राहिली नाही जगात.”

तुमाला कळलं ना? मला नाही कळलं. बिऱ्हाड हलवायलंय, म्हातारं माणूस बसलंय, परभणीकडं चाललंय, एवढं सगळं बघून मला नाही कळलं. गणपतरावांना मी माझ्या लग्नात एकदा बघितलं होतं, चोवीस वर्षांपूर्वी, तेव्हा मिशी काळी होती.

मामा पाण्याची कळशी घेऊन आले. आखाड्यावरच्या शेतकऱ्यानं दिली होती, कोरफडीचं पान पण दिलं होतं भाजल्यावर लावायला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, इस्त्रीचं धोतर, हातात कळशी.

“आला का गणपत?”

“नाही अजून.”

“येईल. उशिरा निघाला असंल. माझी वाट बघत बसला असंल तो.”

मी मान वर केली नाही. मामांनी माझ्या हाताला कोरफड लावली. मग डबा उघडला. माझ्या एका हाताला कोरफड, दुसऱ्याला कूलंट. तेव्हा मामांनी धपाट्याचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि माझ्या तोंडापुढं धरला. मित्रासाठी आणलेला डबा. मी खाल्ला. काय करणार होतो?

मला भरवता भरवता ते उघड्या इंजिनाकडं बघत म्हणाले, “रबर तापलं की सैल पडतं, प्रकाशराव. अन् ताणून बसवलेलं तर आधी सुटतं.”

“तुमाला कसं ठाऊक, मामा?”

“माझं कामच होतं ते. मशीन तापू नये म्हणून तिला थंड पाणी पोचतंय का न्हाई, कुठं गळायलंय का, तेवढं बघायचं. तीस वर्षं तेवढंच केलं.”

चोवीस वर्षं मी त्यांचा जावई. वीजघरात नेमकं काय करत होते, मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि आदल्या दिवशी मी त्यांना पाऊण तास कुकर शिकवला होता.

शेवटी मामाच म्हणाले, “रफिकला बोलवा की.” बोलावलं. रफिकभाई स्कूटरवर आले, सोबत नांदेडची नळी आणि कूलंटचा कॅन. सव्वादोनला पोचले, अडीचला नळी बसलेली होती. पंधरा मिनिटं. त्यात मला हसण्याची पाच मिनिटं धरली आहेत.

मी चिडून म्हणलो, “रफिकभाई, तुमीच तर म्हणलात, शंभर टक्के जाईल.”

“मी नळीचं बोलत होतो सर. नळी जाईल म्हणलो. पुढं म्हणत होतो की म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाऊ नका, तुमी थँक्यू म्हणून फोन ठेवला.”

मामा तोपर्यंत गाडीत बसले होते. घड्याळ बघत होते. “तीनची रेल्वे हाय,” ते म्हणाले. “स्टेशन गाठू. तिथं तर तिथं.”

स्टेशनावर काय भेट असती का, असं म्हणणारा माणूस आता स्टेशनावर पण राजी होता. मी गाडी हाणली. या वेळी काटा जागचा हलला नाही. स्टेशनाबाहेर पोचलो तेव्हा तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. मामा जिना चढले. मी मागं. प्लॅटफॉर्म रिकामा होता. रेल्वे नुकतीच गेली होती, दूरवर शेवटचा डबा वळणावर दिसत होता.

मामा एका बाकावर बसले. बाकावर हात फिरवत म्हणाले, “इथंच कुठं बसला असंल तो.”

दहा मिनिटं बसलो. मी दोनदा “मामा, माझं चुकलं” म्हणलो. ते म्हणाले, “मशीनचं काय असतं, ते कधी ना कधी बिघडतंच.” म्हणजे माझा दोष त्यांनी गाडीवर घातला. गाडी बिचारी काय बोलणार?

त्या दोघांची भेट अजूनही झालेली नाही. हैदराबादला नेतो म्हणलं की मामा म्हणतात, गुडघे बरे झाल्यावर बघू. एक्याऐंशीव्या वर्षी गुडघे कधी बरे होतात? फोनवर बोलतात दोघं. तेवढंच.

पण त्या संध्याकाळचा फोन ऐका. सातच्या सुमाराला गणपतरावांचा फोन आला, रेल्वेतून. मामांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावतात. मी आणि सुनंदा समोरच बसलेलो.

“दामू, कुठं अडकलास रे? तुझे जावई म्हणले जिंतूर सोडलं. मी खुर्ची टाकून बसलो रस्त्यावर. सव्वाबारापर्यंत बसलो.”

मामांना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

“गाडी बिघडली रे,” मामा म्हणाले.

“मला वाटलंच. जिंतूरपर्यंत मी सारखा बाहेर बघत आलो, कुठं उभे दिसता का. जिंतूर गेल्यावर म्हणलं, आता कशाला बघायचं, तुमी तर जिंतूरच्या पुढं आलेले. मग डोळे मिटून बसलो. पण दामू, एक गंमत सांगतो. झरी यायच्या आधी पोरानं मला उठवलं. रस्त्याच्या मधोमध एक येडा उभा. तोंडाला राख फासलेली, अंगावर हिरवं काहीतरी, डोक्याला फडकं, अन् हातात काळा सोटा. सोटा फिरवायलाय आमच्याकडं बघून. पोरगं थांबायलं होतं. मी म्हणलं, थांबू नको बाबा, ह्याच्या नादी लागलो तर रेल्वे चुकंल.”

सुनंदा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मी सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर मामांनी हातानंच मला गप्प बसवलं.

“बरं झालं तुझ्यासंगं जावई होते,” गणपतराव म्हणत होते. “शिकलेलं माणूस सोबत असलं की घोर नसतो. पण त्या येड्याचं वाईट वाटलं बघ मला. घरचे लोक असल्याला एकट्याला सोडतात कसे?”

मामा फोन तोंडाजवळ घेऊन, माझ्याकडं बघत म्हणाले, “न्हाई गणपत, त्याच्या घरचे असतील तिथंच कुठं जवळ. त्याला भरवत असतील.”